वैष्णवीचं कोपर आणि आपलं भांडण

अण्णा,

तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले आणि मी अजून रडलेली नाही. आईला वाटतं मला धक्का बसलाय. धक्का नाही, राग आलाय. अमडापुरातून, आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं येतात, ओट्यावरच्या सतरंजीवर बसतात, दोन घोट पाणी पितात आणि सगळे एकच वाक्य बोलतात, "अण्णाच्या हाताले यश होतं." कुणी पायजमा वर करून नडगी दाखवतो. "हे पाहा, अण्णानं बसवली. इतके वर्सं झाले, कधी ठणकली नाही." मी पाहते. नडगी खरंच सरळ असते. चिखलीच्या दवाखान्यात मी दिवसभर दुसरं करते काय? मोडून जुळलेले हातपाय पुन्हा चालते करणं हेच माझं काम. नीट बसलेलं हाड मला लांबूनही ओळखू येतं. मी मान हलवते, आत जाते आणि चुलीजवळ दात आवळून उभी राहते. कारण इतक्या माणसांत एकानेही वैष्णवीचं नाव काढलेलं नाही.

मी काढते. तुम्ही जिवंत असताना काढलं की तुम्ही ताटावरून उठायचात. आता उठून जाणार कुठे?

आधी जे कबूल करायचं ते करून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगी उपकार विसरली. मी या पेशात आले ती तुमच्या बोटांमुळे. मी सात वर्षांची असेन. अंगणात तुम्ही माझा हात धरला होतात आणि माझी बोटं माझ्याच कोपरावर फिरवत होतात. "हे आतलं टेकाड. हे बाहेरचं. अन् हे मागचं, टोकदार. आता हात सरळ कर. तिन्ही एका रांगेत आले ना? आता वाकव. तिकोन झाला. बस, कोपर समजून घ्यायचं तं इतकंच. तिकोन बिघडला म्हंजे सांधा निखळला." पुढे नागपूरला कॉलेजात सरांनी फळ्यावर तोच त्रिकोण काढला, तेव्हा सगळ्या वर्गात तो आधीपासून बोटांना ठाऊक असलेली मी एकटी होते. त्या दिवशी मला तुमचा इतका अभिमान वाटला होता की संध्याकाळी फोन करून सांगितलं. तुम्ही म्हणालात, "त्याईले कोणं सांगतलं?" आणि हसलात.

कोपराच्या मागच्या खाचेतली तारही तुम्हीच दाखवली होतीत. दाराच्या चौकटीवर कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, ती. "ही तार जपायची. ही गेली तं करंगळी अन् तिची शेजारीण, दोघी झोपून जातात." त्या नसेचं नाव मी नंतर शिकले. तुम्हाला नाव येत नव्हतं, पण नस कुठून जाते ते बरोबर ठाऊक होतं. चालताना आईनं हात धरून ओढला म्हणून कोपर धरून रडणारी दोन-तीन वर्षांची लेकरं यायची. तुम्ही लेकराशी बोलता बोलता तळहात वर फिरवायचात, कोपर वाकवायचात, बारीक 'टक' व्हायचं आणि घटकाभरात ते पोरगं त्याच हातानं बिस्किट मागायचं. मी हे पाहिलंय. यातलं काही मी नाकारत नाही.

माझा राग यापुढचा आहे. बोटाला जे लागतं ते तुम्हाला माहीत होतं. जे लागत नाही ते नाहीच, असं तुम्ही धरून चाललात. मागची नस कातडीखाली आहे, ती तुम्हाला सापडली. कोपराच्या पुढून, मांसाच्या आत, एक मोठी नस आणि तिच्या शेजारून हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. ती तुमच्या बोटाला कधी लागली नाही, म्हणून तुमच्या लेखी ती नव्हतीच.

वैष्णवी आठ वर्षांची होती. दोन घरं सोडून राहणाऱ्या प्रल्हादभाऊंची मुलगी. दिवाळीच्या आधीचे दिवस, सोयाबीन निघालेलं. भर दुपारी ती ट्रॉलीवरून खाली पडली, हात टेकून. प्रल्हादभाऊंनी तिला उचलून थेट आपल्या अंगणात आणलं. दुसरीकडे कुठे नेणार होते? तुम्ही तीन टेकाडं चाचपलीत. तिकोन जागेवर होता. "सांधा निखळला नाही. हाड चिरकलं असंन जरासं." हे मला आईनं सांगितलं, कारण मी त्या दिवशी नागपूरला होते.

अण्णा, त्रिकोण जागेवरच राहणार होता! लहान मुलांचं दंडाचं हाड कोपराच्या जरा वर पानासारखं पातळ असतं. ते तिथं मोडतं तेव्हा तिन्ही टेकाडं मोडलेल्या तुकड्यासोबत एकत्रच मागे सरकतात. त्यांचा आपसातला तिकोन काही बिघडत नाही. पण वरच्या हाडाची धार पुढे येते, नेमकी त्या रक्तवाहिनीवर आणि नसेवर. ज्या खुणेवर तुमचा सगळ्यात जास्त भरवसा होता, त्याच खुणेनं तुम्हाला फसवलं. हे मी तुम्हाला किती वेळा समजावलं. कागदावर काढून दाखवलं, हरभऱ्याच्या दोन काड्या मोडून दाखवलं. तुम्ही काड्या गायीच्या गव्हाणीत टाकल्यात.

तुम्ही अंड्याचा बलक आणि हळद लावलीत, बांबूच्या कामट्या लावल्यात, हात पार खांद्यापर्यंत दुमडलात आणि पट्टी आवळलीत. ती ओरडत होती. सगळेच ओरडतात, तुम्हाला सवय होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सुट्टीला घरी आले. बॅग ठेवली आणि तिला पाहायला गेले. बोटं सुजून टम्म झाली होती आणि गार पडली होती. मी तिचं मधलं बोट हलकंच सरळ करायला गेले तर ती किंचाळली. डोळे मिटायला सांगून मी एकेका बोटाला हात लावला आणि विचारलं, कोणतं? करंगळी तिला कळली. अंगठा कळला नाही. पहिलं बोट कळलं नाही. अण्णा, मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते, हे प्रकरण आम्हाला त्याच वर्षी शिकवलेलं होतं. हाताच्या स्नायूंना रक्त मिळत नसलं की काय दिसतं, ते पुस्तकातल्या ओळीच्या ओळी माझ्यासमोर त्या खाटेवर पडल्या होत्या.

मी धावत घरी आले. तुम्ही गुळाचा चहा घेत बसला होतात.

"अण्णा, वैष्णवीच्या बोटात रक्त जाऊन नाही राह्यलं. पट्टी सोडा."

"दुखून राह्यलं म्हंजे जुळून राह्यलं. तिसऱ्या दिवशी ठणका उतरते."

"तिले अंगठ्याचा स्पर्श कळत नाही, अण्णा."

"सुजेनं होते तसं."

"सुजेनं नाही. पट्टी घट्ट झाली हाय."

तुम्ही कप खाली ठेवलात. "दोन वर्सं पुस्तकं वाचले तं बापाले शिकवून राह्यली काय?"

आईनं आतून आवाज दिला, "त्याईच्या कामात बोलू नको वं."

आणि मी गप्प बसले.

हे वाक्य मी चौदा वर्षांत कोणापुढे उच्चारलेलं नाही. तुमच्याशी इतकी भांडले, पण भांडताना नेहमी तुमचीच चूक मोजली. मी गप्प बसले. जेवले. सकाळी उठून, तुम्ही शेतात गेल्यावर, आईच्या शिलाई मशीनची कात्री घेऊन गेले आणि पट्टी कापली. आतला हात लाकडासारखा टणक झाला होता, कातडीवर फोड आले होते. बोटाचं नख दाबलं तर पांढरं झालं आणि पांढरंच राहिलं. प्रल्हादभाऊंनी तिला आधी बुलडाण्याला नेलं, तिथून मोठ्या शहरात. तिथल्या सर्जननी तिच्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत उघडून आतला दाब मोकळा केला. हाड बसलं. स्नायू मात्र बरेचसे मेले होते. मेलेला स्नायू आक्रसतो, दोरीसारखा होतो आणि बोटं आत ओढून घेतो. महिन्याभरात तिचं मनगट वाकलं, बोटं मुडपली. त्यानंतर अजून एक ऑपरेशन झालं, थोडा फरक पडला. थोडाच.

मी त्या सर्जनना व्हरांड्यात गाठून विचारलं होतं, "आदल्या संध्याकाळी आणली असती तर?" ते म्हणाले, "पडली त्याच दिवशी आणायला हवी होती." माझ्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं. कदाचित संध्याकाळीही उशीर झालेला असेल. कदाचित नसेल. मला ते कधीच कळणार नाही, आणि तुम्हाला ते जाणून घ्यावंसंही वाटलं नाही.

त्यानंतर आपलं भांडण सुरू झालं. आपण अबोला धरला नाही. बोलत होतो. पीकपाण्याचं, आईच्या गुडघ्यांचं, सगळं बोलत होतो. आणि मध्येच, वाढता वाढता, मी तिचं नाव काढायची.

"इतके हातं बसवले जन्मात, तू एकच घेऊन बसली."

"तो एक आठ वर्सांच्या पोरीचा होता."

"तिच्या नशिबात होतं."

"नशिबात नव्हतं, पट्टीत होतं."

एकदा तुम्ही मला चांगलंच अडवलंत. "तुमच्या दवाखान्यातले सगळे हातं सरळ होतात काय?" नाही होत. माझ्या टेबलावर रोज असे हात येतात जे चांगल्या डॉक्टरांच्या हाताखालून जाऊनही पुरते वळत नाहीत. ते मी तुम्हाला तेव्हाच कबूल केलं. म्हटलं, "आमचंही चुकते, अण्णा. पण चुकलं तं चुकलं म्हणतो." यावर तुम्ही उठलात. आणखी एकदा मी चिडून तुमचाच हात धरला, अंगठ्याचं नख दाबलं आणि सोडलं. "हे पाहा, रंग परत आला. पट्टी बांधल्यावर इतकं तरी पाहत जा! मनगटाची नाडी पाहा, नख दाबून पाहा, बोटं सरळ करून पाहा! अन् हात इतका दुमडू नका!" तुम्ही हात हिसकावून घेतलात आणि चपला घालून बाहेर गेलात. त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाला आपण काही शिकवू शकत नाही.

आता परवाचं ऐका.

परवा दुपारी शकीलभाई आले. तुमच्या मैतीच्या दिवशी ते गावाला गेले होते, म्हणून उशिरा आले. त्यांची ऑटो अमडापूर-चिखली रस्त्यावर रोज असते. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "ताई, अब कोपर वाले बच्चे किसके पास जायेंगे?"

मला कळलं नाही. म्हटलं, "कोणते कोपरवाले?"

त्यांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "तुमाले खरंच माहीत नाही? अण्णा कोपराले हातच नव्हते लावत. कितीक वर्सं झाले. कोणी लेकरू घेऊन आलं का आधी नख दाबत, रंग येते का पाहत. मनगटाची नाडी पाहत. बोटं हलवाले लावत. मंग ओढणीची सैल झोळी करून देत, हात जास्त दुमडू देत नव्हते. अन् मले फोन. शकील, सगळं सोडून ये. चिखलीले ने, रस्त्यात कुठी थांबू नको."

मी विचारलं, "मले काऊन नाही सांगतलं कोणी?"

"त्याईचीच ताकीद होती. ताईले माह्यं नाव सांगू नको म्हणत. लेकराच्या मायबापालेही तसंच सांगत."

अण्णा, ती लेकरं माझ्याकडे आली होती. प्लॅस्टर निघाल्यावर कोपर मोकळं करायला ती माझ्याच टेबलावर येतात. अमडापूरच्या बाजूची लेकरं नीट येतात, वेळेवर येतात, नसा शाबूत घेऊन येतात, हे मी स्वतः दवाखान्यात बोलून दाखवलं होतं. एका आईला विचारलंही होतं, "हाताले झोळी कोणी बांधली? चांगली बांधली." ती म्हणाली, "गावातल्या एका माणसानं." मला वाटलं, कुणी शहाणी नर्स आली असेल तिकडे.

शकीलभाई गेल्यावर मी मागच्या अंगणात गेले आणि बादलीला लाथ मारली. खरंच मारली, आई धावत आली. आईला वाटलं मी आता तरी रडेन. मला तुमच्यावर ओरडायचं होतं. माझं ऐकलंत! शब्द न् शब्द ऐकलात, नख कसं दाबायचं, नाडी कुठे पाहायची, हात किती वाकवायचा. हिसकावून घेतलेल्या त्याच हातानं तुम्ही ते सगळं वर्षानुवर्षं केलंत. कितीतरी लेकरांचे हात वाचले. त्याबद्दल मी तुमच्या पाया पडले असते, अण्णा, खरंच पडले असते. पण मला सांगायला तुमची जीभ काऊन नाही वळली? लेकीपुढे लहान झालो असतो असं वाटलं? आधीच जिंकून बसलेलं भांडण मी इतकी वर्षं भांडत राहिले. दर सणाला तुमच्या ताटात विष कालवत राहिले. तुम्ही ते खाल्लंत, पण 'हाव, तुझं बरोबर होतं' एवढं म्हणाला नाहीत. आणि माझ्यापुढे म्हणाला नाहीत ते एक वेळ सोडून देते. जिच्यापुढे म्हणायला हवं होतं, ती दोन घरं सोडून राहत होती.

काल ती आली. वैष्णवी. आता बावीस वर्षांची आहे. बाजाराजवळच्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या सेंटरमध्ये काम करते. डाव्या हातानं सगळं टाईप करते, उजव्याचं एक बोट मदतीला. ती ओट्यावरच्या बायकांत बसली नाही, मागच्या दारानं स्वयंपाकघरात आली आणि माझ्यासमोर पाटावर बसली. खांद्याला कापडी पिशवी होती. उजवा हात ओढणीखाली होता. तो तिथं ठेवायची तिला आठव्या वर्षापासून सवय आहे.

चहा झाला. मग म्हणाली, "ताई, एक विचारू?"

"विचार."

"जाताना अण्णा काही बोलले काय? माह्याबद्दल?"

मला खोटं बोलता आलं असतं. तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी बोलावंसं वाटलं. पण म्हटलं, "नाही."

तिनं मान हलवली. "रस्त्यात भेटत मले. कसा हाय वं हात, म्हणत. मी म्हणो, बरा हाय. ते उभे राहत जरासे. मले वाटे, आता म्हणतीन. मंग निंघून जात."

"काय म्हणायले पाह्यजे होतं त्याईनं?"

"चुकलं म्हून. मी काही भांडणार नव्हती. बस, तेवढं ऐकाचं होतं."

अण्णा, ते मी म्हटलं. तुमचं काम होतं, पण मी केलं. म्हटलं, "वैष्णवी, अण्णाचं चुकलं. पट्टी घट्ट बांधली अन् तू रडत होती तरी सोडली नाही. अन् माह्यंही चुकलं. मी आदल्या दिवशी संध्याकाळीच पाह्यलं होतं. मले समजलं होतं काय होऊन राह्यलं ते. मी सकाळपर्यंत थांबली."

हे तिला माहीत नव्हतं. आजवर ती मला पट्टी कापणारी ताई म्हणूनच ओळखत होती.

"तुमाले समजलं होतं?"

"हो."

"मंग काऊन थांबल्या?"

"अण्णाच्या भेवानं."

"मी आईले सारखी म्हणत होती," ती म्हणाली, "पट्टी सोड, पट्टी सोड. आईही तेच म्हणे. अण्णा रागावतीन."

असू दे, असं ती म्हणाली नाही. माफ केलं, असंही म्हणाली नाही. मीही मागितलं नाही. तिचा हात मांडीवर घेतला, ओढणी बाजूला केली आणि पाहिला. मनगट दुमडलं की बोटं थोडी उघडतात, मनगट सरळ केलं की मिटतात. अंगठ्याच्या मुळाशी मांसच उरलेलं नाही. मी तिला खरं ते सांगितलं. हा हात पूर्वीसारखा होणार नाही. पण नीट चालणारा एखादा स्नायू दुसरीकडे जोडून पकड थोडी सुधारता येते, अशी शस्त्रक्रिया असते. सर्जनला दाखवू, त्यांनी हो म्हटलं तर पुढचे व्यायाम मी घेईन. ती म्हणाली, "विचार करते." घाई करू नको म्हटलं.

उठताना तिनं पिशवी उघडली. आत शेवंतीचा हार होता, ओल्या फडक्यात गुंडाळलेला.

"आईनं देला. अण्णाच्या फोटोले घालाले."

"तुले घालाचा हाय काय?"

तिनं समोरच्या खोलीकडे पाहिलं. तुमच्या फोटोपुढे दिवा लावलेला होता.

"नाही," ती म्हणाली.

"मंग नको घालू."

हार पिशवीत परत ठेवून ती मागच्या दारानंच गेली. दिवेलागणीला आईनं विचारलं, "प्रल्हादभाऊकडून हार नाही आला?" मी सांगितलं, आला होता, मी परत पाठवला.